मयत कलावंताचा अर्ज

पारोळा,
१२ ऑक्टोबर १९७२

चि. भटूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, अक्काने बऱ्याच दिवसांनी पत्र धाडलं आणि लगेच काम काढलं. काम आहेच. तुझे दाजी सध्या माझ्याशी धड बोलत नाहीत. भांडण माझ्याशी नाही, मुंबईच्या एका समितीशी आहे, पण समिती हाताशी नाही आणि मी आहे.

गुळाच्या पुडीच्या कागदावर यांनी जाहिरात वाचली. 'लोककला साहाय्य समिती, मुंबई. नव्या कलाकृतीसाठी गरजू कलावंतांनी अर्ज करावेत.' मला न विचारता यांनी अर्ज धाडला. तो परवा परत आला. वर निळ्या शाईने लिहिलंय, 'अपुरा व मोघम.' सगळा अर्ज एवढाच होता: 'मी पडदे रंगवतो. मला एक मोठा पडदा रंगवायचा आहे. कापड व रंग नाहीत. तरी द्यावेत. चिंधा वना पेंटर, पारोळा.'

इथली हालत तुला ठाऊक आहे. दुष्काळामुळे जत्रा बंद, तमाशे बंद, नाटक मंडळ्या घरी बसल्या. पडदे कोण मागणार? आम्ही दोघं खडी केंद्रावर दगड फोडायला जातो. यांनी आजवर राजवाडा, बाग, जंगल आणि रस्ता एवढंच रंगवलं, त्या चार पडद्यांवर आमचा संसार झाला. आता म्हणतात, खडीवरची माणसं काढायची. एकच लांबच लांब पडदा, आणि त्यावर प्रत्येकाचा चेहरा ज्याचा त्याला ओळखू येईल असा. दुपारच्या सुट्टीत सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर कोळशाने चेहरे काढत बसतात. लोक भाकरी सोडून समोर येऊन बसतात, 'माले बी काढ ना भो.'

तू कचेरीसमोर बसून जगाचे अर्ज लिहितोस. एक आमचाही लिही.

तुझी,
अक्का

धुळे,
२० ऑक्टोबर १९७२

ती. सौ. अक्कास भटूचा साष्टांग नमस्कार.

दाजींचा अर्ज वाचला. कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली इतकी वर्षं टाइपरायटर बडवतोय, पण इतका सज्जन अर्ज माझ्या पाहण्यात नाही. 'तरी द्यावेत!' अगं, हा अर्ज आहे की शेजारणीकडे विरजण मागणं?

दाजींना सांग, साहेब तुम्हाला ओळखत नाही, पारोळा ओळखत नाही, आणि जेवून आल्यावर सुस्त होऊन तो गठ्ठा चाळतो. त्याला पहिल्या चार ओळींत कळलं पाहिजे की हा माणूस नेमकं काय करणार आणि ते दुसऱ्या कुणाला का जमणार नाही. 'मोठा पडदा' म्हणजे केवढा? कापड कोणतं? रंग कसले? काम कुठे बसून करणार, किती दिवसांत उरकणार, आणि उरकल्यावर तो पडदा बघणार कोण? हे सगळं लिहून पाठव, मी त्याला कोट-टोपी चढवतो.

आणखी दोन गोष्टी. अर्जात रडायचं नाही. रडके अर्ज मी दिवसभर लिहितो, साहेब लोक ते नुसते उलटतात. पण एक जागा अशी हवी की तिथे वाचणाऱ्याचा हात थांबेल. ती जागा मला इथे बसून सापडणार नाही, तू शोध. दुसरं म्हणजे, हे काम आत्ताच का? पुढच्या वर्षी का नाही? ज्या अर्जात याचं उत्तर नसतं तो अर्ज पुढच्या वर्षावर जातो आणि तिथेच मरतो.

दाजींना म्हणावं, तुमचा मेहुणा असेपर्यंत समितीची काय बिशाद आहे!

आपला,
भटू

पारोळा,
५ नोव्हेंबर १९७२

चि. भटूस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पडदा आमच्या शाळेच्या भिंतीएवढा लांब. कापड मांजरपाट, उभे पट्टे जोडून शिवायचं, ते मी शिवीन. रंग भुकटीचे, सरस उकळून त्यात कालवायचे. बघणार कोण? ज्या गावात लावू तिथले सगळे. तिकीट नाही, चौकात बांधायचा.

हात थांबायची जागा. आमच्या खडीवर मगन नावाचा म्हातारा होता. यांनी पोत्यावर त्याचा चेहरा काढला आणि पुढच्याच आठवड्यात तो गेला. दहाव्याला त्याची सून आमच्या दारात आली, म्हणाली ते पोतं द्या. त्याचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ते पोतं तिने नदीकाठी दगडाला टेकून ठेवलं होतं. आता त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आहे.

आणि 'आत्ताच का' याचं उत्तर मी तुला देते, पण ते अर्जात लिहायचं नाही. श्रावणात दगडाची कपची उडून यांच्या डाव्या डोळ्यात गेली. यांनी पाणी मारलं आणि काम करत राहिले. फार उशिरा जळगावला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा गेलाच, आणि आता याच्या पाठोपाठ दुसराही जाईल. कधी, ते सांगता येत नाही. उजव्या डोळ्याला आत्ताच उजेड सोसत नाही. मी म्हटलं, अर्जात लिहू या. तर अंगावर आले. 'डोयानं नाव काढू नको. आंधया पेंटरले कोन कापड दी?'

तेव्हा तूही काढू नकोस. माझी शपथ आहे.

अक्का

धुळे,
२५ नोव्हेंबर १९७२

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

अर्ज गेला. मगनच्या पोत्याने सुरुवात केली आणि त्याच्या सुनेवर संपवला, मध्ये मांजरपाटापासून सरसापर्यंत सगळं बसवलं. लिंबाखाली मोठ्याने वाचला तेव्हा चहावाला किटली घेऊन उभाच राहिला. डोळ्याचा शब्द नाही. शपथ घातलीस म्हणून, नाहीतर मला पटलेलं नाही. 'आत्ताच का' या प्रश्नापाशी अर्ज लंगडा आहे आणि ते मला खुपतंय.

समितीची बैठक १२ जानेवारीला मुंबईत आहे. अर्जदाराने स्वतः हजर राहायचं असतं. दाजींना मी घेऊन जाईन, माझा कोट त्यांना बसेल. काळा चष्मा लावायचा का ते गाडीत ठरवू.

भटू

पारोळा,
८ जानेवारी १९७३

(पोस्टकार्ड. एक कोपरा फाडलेला.)

भटूभाऊ यांस,

कळविण्यास अत्यंत दुःख होते की चिंधाभाऊ आज खडीवर काम करताना एकाएकी देवाघरी गेले. कमलबाई शुद्धीत नाहीत. कार्ड वाचून फाडून टाकावे.

लि. लताबाई, शेजारीण,
चिंधाभाऊंच्या आई तानुबाईंच्या सांगण्यावरून

पारोळा,
१८ जानेवारी १९७३

चि. भटूस आशीर्वाद.

तुझा राग अजून उतरला नसेल. पण मला यातलं काही माहीत नव्हतं, आपल्या आईची शपथ. तू ओट्यावर बसून हंबरडा फोडलास तेव्हा मी विहिरीवर होते आणि हे आत भाकरी खात होते. हातातला तुकडा तसाच धरून बाहेर आले आणि तुला म्हणाले, 'काय व्हयनं भो?' तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलं नाही ते बरं झालं.

तू ऐकून घ्यायला थांबला नाहीस म्हणून लिहिते. दुपारच्या सुट्टीत कावळा येऊन यांच्या डोक्यावर बसला. सगळ्या खडीने पाहिलं. सासूबाईंनी तेवढं ऐकलं आणि लताबाईला बसवून नातेवाइकांना कार्डं लिहवली. मेल्याची बातमी गेली, माणसं रडली, की गंडांतर टळतं, हे तुलाही माहीत आहे. पण मला का सांगितलं नाही? तर मी तुला आतून कळवीन, तू रडणार नाहीस, आणि कुणीच खरं रडलं नाही तर उपयोग नाही. यांच्या आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून देवाने नजर टाकू नये असं चिंधा हे नाव ठेवलं. त्या बाईला मी काय बोलणार? तू रडत होतास तेव्हा त्या दाराआड हात जोडून उभ्या होत्या. 'आते मना पोऱ्या वाचना,' म्हणाल्या.

खुशालीची कार्डं दुसऱ्याच दिवशी गेली, तुझं तुला घरी पोचल्यावर मिळालं असेल.

एक विचारायचं आहे. यांना पाहून तू आधी मिठी मारलीस आणि मग एकदम गप्प झालास. जेवला नाहीस. मुंबईचं विचारलं तर म्हणालास, बैठक पुढे ढकलली. कधीवर ढकलली? हे रोज विचारतात.

अक्का

पारोळा,
३ मार्च १९७३

भटू,

तुझं उत्तर नाही. समितीचं मात्र पाकीट आलं. माझ्या नावावर. मी ओट्यावर एकटीच होते म्हणून बरं.

'कै. चिंधा वना यांच्या अकाली निधनाचे वृत्त समजून समितीस अतीव दुःख झाले. दृष्टी जात असतानाही त्यांनी धरलेला ध्यास पाहता, त्यांचा संकल्पित पडदा त्यांच्या शिष्याकडून पूर्ण करून घेण्यासाठी त्यांच्या विधवा पत्नी श्रीमती कमलबाई यांस साहाय्य मंजूर करण्यात येत आहे. समितीचे अधिकारी वेळोवेळी पाहणी करतील. अनावरणास व त्यानंतर गावोगावच्या प्रदर्शनास श्रीमती कमलबाई यांनी स्वतः हजर राहावे.'

मी हे यांना वाचून दाखवलेलं नाही. पिठाच्या डब्यात ठेवलंय. काय केलंस ते खरं सांग.

अक्का

धुळे,
९ मार्च १९७३

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

खरं सांगतो. कार्ड हातात पडलं तेव्हा मी लिंबाखालीच बसलो होतो. पारोळ्याची गाडी सुटायला वेळ होता. बैठक तोंडावर आलेली. समोर टाइपरायटर होता, अक्का. दुसरा माणूस छाती बडवतो, मी कागद चढवला. आधी वाटलं, दाजी येऊ शकत नाहीत एवढं कळवावं. मग थांबवेना. डोळ्याचं लिहिलं. माणूसच गेल्यावर डोळा लपवून कुणाचं भलं होणार? पोतं, मगन, तू पट्टे शिवणार होतीस तेही लिहिलं. माझ्या मागे रांगेत उभी असलेली माणसं खांद्यावरून वाचत राहिली. तसा अर्ज मला पुन्हा लिहिता येणार नाही. पाकीट टाकलं, गाडीत बसलो आणि तिथे रडलो.

तुमच्या ओट्यावर दाजींना पाहून मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. मग पाकीट आठवलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. इथे परत आल्यावर रोज कागद चढवायचो. 'अर्जदार जिवंत आहे.' यापुढे काय लिहायचं? इतका लेचापेचा अर्ज मला आयुष्यात सुचला नव्हता. मला वाटलं, तसंही नामंजूर होईल आणि विषय मिटेल.

आता कळवलं तर मंजुरी रद्द होईल. खोटं लिहिलं म्हणून माझी बसायची जागा जाईल, कदाचित मलाही आत टाकतील. तरी तू सांग, आज कळवतो.

दुसरा रस्ता आहे. जळगावला नेमीचंद शेठचं जिन आहे. कापूसच नाही म्हणून बंद पडलंय. माझ्यामार्फत त्यांची कोर्टाची कामं होतात, ते शेड वापरू देतील. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. दाजींनी शिष्य व्हायचं. नाव भिकन सांगायचं. पडदा त्यांच्याच हातचा होईल, डोळा आहे तोवर. फक्त तुला तिथे कपाळ मोकळं ठेवावं लागेल. हे लिहिताना माझा हात चालत नाही, पण लिहितो.

भटू

पारोळा,
१७ मार्च १९७३

चि. भटूस,

यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, तुझ्या नावाने शिव्या घालतील. हे हसले. खूप दिवसांनी हसले. 'मरी ग्यावर का व्हयेना, कापड तं भेटनं!' मग म्हणाले, समितीला नको कळवू. शिष्य तर शिष्य.

माझ्या कपाळाचं वाक्य मी गाळून वाचलं होतं. ते मला सासूबाईंसमोर सांगावं लागलं, कारण त्या बरोबर येणार असत्या तर त्यांना दिसलंच असतं. त्यांनी चुलीपुढून उठून माझ्या दंडाला धरलं. 'मी कार्ड टाकं ते पोऱ्याले वाचाडाले. तुम्ही तेच खरं करी राह्यनात!' त्या येत नाहीत. इथेच राहतील, लताबाई बघेल.

हे मला म्हणाले, तुझ्या मनात नसेल तर राहू दे, पोत्यांवरच काढू. भटू, त्या पोत्यांवरचा कोळसा आत्ताच झडायला लागलाय. मी खूप विचार केला. यांच्या डोळ्यासाठी मला काही करता आलं नाही. कपाळ तर माझं आहे.

गुढीपाडवा झाला की निघतो. तुझ्यावर मी रागावले आहे, ते मात्र तसंच आहे.

अक्का

जळगाव, नेमीचंद शेठचे जिन,
२२ जुलै १९७३

चि. भटूस आशीर्वाद.

समितीचे साहेब दुसऱ्यांदा येऊन गेले. पडद्यासमोरून चालत गेले आणि पुन्हा उलटे चालत आले. 'भिकन' शिष्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, गुरूचा हात तुझ्यात उतरलाय. हे खाली मान घालून म्हणाले, 'त्यास्नीच कृपा शे साहेब.' साहेब गेल्यावर मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

अर्ध्याहून जास्त झालाय. मी पट्टे शिवते, सरस उकळते, रंगाचा वाडगा हातात देते. आता रंगाचं नाव मला सांगावं लागतं. आधी पिवळा आणि भगवा यांत गोंधळ व्हायचा, आता हिरवाही कळत नाही. चेहरे मात्र विचारावे लागत नाहीत. पोतं नाकाला लावून बघतात आणि मग कापडावर एका दमात काढतात.

साहेब येणार तेवढ्या दिवसापुरतं कपाळ मोकळं ठेवायचं, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही रे. शेठच्या घरचे रोज ये-जा करतात. त्यांची मोठी बहीण पानबाई लहानपणीच विधवा झालेली. पहिल्या दिवशी तिने मला पाहिलं आणि काही न विचारता जवळ बसली. 'बेटी, पहिलं वर्ष जड जातं,' म्हणाली. रोज ताक आणून द्यायची. स्वतःचं एक जाड लुगडं दिलं. मी ते घेतलं. नाही कशी म्हणणार होते?

गेल्या आठवड्यात ती ताक घेऊन आली तेव्हा मी यांच्या डोळ्यात औषध घालत होते. डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने लोटा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. परत आली नाही. आता जिनातला पहारेकरी मला बघून खाकरतो. कालपासून शेठच्या घरून पाणीसुद्धा मिळत नाही, लांबच्या नळावर जाते. नवऱ्याबरोबर राहते म्हणून बदनाम झालेली बाई तू कुठे ऐकली होतीस का?

यांना यातलं सांगितलेलं नाही. हात थांबेल.

अक्का

धुळे,
३० जुलै १९७३

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

शेठला भेटून आलो. भिकन हा तुझा सख्खा दीर आहे असं सांगितलं. शेठने मान डोलावली. पानबाईंनी विश्वास ठेवला की नाही, कळत नाही. एका खोट्याला दुसरं टेकू देत चाललोय.

अनावरण ऑक्टोबरात, इथे धुळ्यातच होईल. त्यानंतर पडदा यावल, पिंपळनेर असा फिरेल. तेवढं सोस, अक्का. आणखी एक गोष्ट सांगू की नको असं वाटत होतं. समितीने माझ्या त्या अर्जाच्या नकला काढल्या आहेत. नवे अर्जदार आले की अर्ज असा लिहावा म्हणून वाचायला देतात. परवा नंदुरबारचा एक पोरगा तो घेऊन माझ्याकडेच आला, म्हणाला, असाच लिहून द्या. मी त्याला विचारलं, तुझं कोण मेलंय? तो बिचारा घाबरून गेला.

पडदा कसा झालाय ते सांग. मला यायचं धाडस होत नाही.

भटू

पारोळा,
६ डिसेंबर १९७३

चि. भटूस अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या समारंभाला तू होतास, त्याचं काय लिहू. यांच्या तरुणपणच्या पुसट फोटोला हार घातला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या रांगेत हेही वाजवत होते. त्यांना वाटलं पडदा उघडला. उजवा डोळा दसऱ्याच्या आधीच पुरता गेला होता. मगनच्या सुनेचा चेहरा शेवटचा, तो त्यांनी नुसत्या बोटांनी काढला.

यावलला तर तू नव्हतास. केळीच्या बागांतले मजूर आले होते. एक बाई पडद्याला लागून चालत गेली, प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबत. मग मला धरून रडली. म्हणाली, तुझा माणूस देवमाणूस होता गं. मी मान हलवली. प्रत्येक गावात कुणीतरी मला जवळ घेऊन रडतं. मलाही रडू येतं, आणि ते खोटं नसतं. घरी आल्यावर डबीला हात लावावासा वाटेना. दोन दिवसांनी पुन्हा पुसायचंच आहे, तर लावायचं कशाला? असं करत करत मी कुंकू लावणंच सोडून दिलं. सासूबाई माझ्या हातचं जेवत नाहीत. यांना दिसत नाही, म्हणून यांच्याशी विषय निघाला नाही.

आणि इथले लोक, ज्यांचे चेहरे त्याच्यावर आहेत, ते मला रस्त्यात अडवून विचारतात, 'आमना पडदा कधळ येस?' काय सांगू? त्याला सगळीकडे नेता येतं, फक्त पारोळ्याला आणता येत नाही. इथे हे सगळ्यांना जिवंत दिसतात.

काल हे ओट्यावर बसले होते. म्हणाले, इकडे ये. माझं तोंड चाचपलं, गाल, भुवया, आणि अंगठा कपाळावर फिरवला. पुन्हा फिरवला. अंगठा नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाले, 'मी मरी गऊ का व?'

ते उठले, भिंत धरत कोपऱ्यातल्या डब्यांपाशी गेले. कुठला डबा कुठला ते त्यांना झाकण चाचपून कळतं. दुकानांच्या पाट्यांसाठी आणलेला लाल ऑइल पेंट उरलाय, तो उघडला. अंगठा बुडवून आले आणि माझ्या कपाळावर टेकवला. अगदी मधोमध. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

रंग वाळलाय. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. रॉकेलने जाईल. परवा पिंपळनेरला पडदा लागणार, साहेब येणार. आज सकाळी मी रॉकेलची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला. आरशासमोर उभी राहिले. माझ्याने झालं नाही. बोळा चुलीत टाकला.

तुला विचारत नाही, कळवते. खरं सांगितलं की साहेब पडदा गुंडाळून मुंबईला नेतील. तिथे कुठल्या तरी खोलीत तो पडून राहील आणि आमची माणसं तो कधीच बघणार नाहीत. त्याच्यापायी उरलेला डोळा यांनी झिजवला, हेही मला कळतं. सगळं यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, 'माले माहित शे.' एवढंच. मग खूप रडले. गेलेल्या डोळ्यांतूनही पाणी येतं, ते मी आज पाहिलं.

अर्ज कुणी लिहिला असं विचारलं तर मी लिहिला म्हणून सांगेन. मी सातवी फायनल पास झालेली आहे, कुणाला शंका येणार नाही. तू धुळ्याहून येऊ नकोस, लिंबाखालची जागा सोडू नकोस.

सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. लग्नात नाव घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर मी यांचं नाव तोंडाने उच्चारलेलं नाही. पिंपळनेरच्या चौकात यांचा हात धरून साहेबांसमोर उभी राहीन आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगेन, की हे चिंधा वना पेंटर, हा पडदा यांचा, आणि मी यांची बायको आहे.

तुझी,
अक्का